लाल पाण्यातली कुळं: लवणप्रेमी सूक्ष्मजीव वेगळे करून ओळखण्याची कृती

एप्रिल-मेच्या उन्हात मिठागराच्या बांधावरून चालत गेलं, की एकाच आगरात पाण्याच्या वेगवेगळ्या छटा दिसतात. खाडीचं पाणी आत घेतात तिथे ते हिरवट-मातकट असतं. मधल्या वाफ्यांत ते दाट होत जातं. मीठ धरतं त्या शेवटच्या वाफ्यात त्यावर गुलाबी-तांबूस झाक येते. ही झाक त्या पाण्यात राहणाऱ्या जिवांची आहे. मीठ बसणाऱ्या वाफ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात एक ते दहा कोटी पेशी असू शकतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगात लाल-केशरी रंगद्रव्य असतं.

लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात हेच रंगद्रव्य बाळगणारे आर्किया, म्हणजे जीवाणूंपेक्षा वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, सापडले. खारवलेल्या मासळीवर कधी कधी चढणारा लाल थरही याच मंडळींचा.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत या जिवांना वेगळं करून त्यांची वर्गवारी कशी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे. सगळ्या कृतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मीठ हा या जिवांचा पत्ता आहे, कूळ नव्हे. एकाच वाफ्यात आर्किया, जीवाणू, शैवाल, बुरशी आणि विषाणू शेजारी शेजारी नांदतात. म्हणून ‘तुला मीठ किती लागतं?’, ‘तुझी ठेवण कशी आहे?’ आणि ‘तुझं कूळ कोणतं?’ हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारायचे. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर गृहीत धरायचं नाही.

लागणारा वेळ

किमान सहा ते आठ आठवडे. यातला बराचसा काळ वाट पाहण्यात जातो.

साहित्य

- निर्जंतुक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटल्या, तापमापक, सामू म्हणजे पीएच मोजण्याची पट्टी, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर
- सोडियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा जलरेणूंचं), मॅग्नेशियम सल्फेट (सात जलरेणूंचं), पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइडचं १ मोलर द्रावण, सामू ७.५ ला आणलेलं ट्रिसचं १ मोलर द्रावण
- पेप्टोन, यीस्ट अर्क, अगार
- पेट्री बश्या, परीक्षानळ्या, पिपेट, ऑटोक्लेव्ह, ३७ ते ४२ अंश सेल्सिअसला चालणारं इन्क्युबेटर
- सूक्ष्मदर्शक (फेज-कॉन्ट्रास्टचा असल्यास उत्तम), ग्रॅम रंजनाचं साहित्य, २ टक्के ॲसेटिक आम्ल
- अँपिसिलिन

या कृतीत दोन शब्द जवळचे आहेत. मीठ पिकतं ते आगर, आणि माध्यम घट्ट करतो तो अगार. नोंदवहीत दोन्ही स्पष्ट लिहा.

पायरी १ : नमुना घ्या

मिठागर ज्यांचं आहे त्यांची परवानगी आधी घ्या. लोणारचं सरोवर अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाण्याला हात लावू नये.

एकाच मिठागरातल्या तीन जागा निवडा: खाडीचं पाणी साठवतात तो पहिला तलाव, पाणी आटवतात तो मधला वाफा आणि मीठ बसतं तो शेवटचा वाफा. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात, आणि मीठ खाली बसू लागतं तेव्हा पाणी २५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. या तीन बाटल्यांत तुम्हाला मिठाची पूर्ण उतरंड मिळते.

प्रत्येक जागी तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सामू आणि क्षारता लिहा. साध्या रिफ्रॅक्टोमीटरची मोजपट्टी दाट पाण्याला पुरत नाही. अशा वेळी १ भाग नमुना ९ भाग ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून वाचन घ्या आणि त्याला दहाने गुणा. हे पातळ केलेलं पाणी फक्त मोजण्यासाठी आहे, त्यातून जीव वाढवू नका.

बांधावर काम करणाऱ्या माणसांशी बोला. कोणत्या वाफ्याला कधी रंग चढतो, कुठलं पाणी आधी मीठ धरतं, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या नजरेनं कळतं. लाल पाणी ऊन जास्त शोषतं आणि लवकर आटतं, त्यामुळे हा रंग त्यांच्याही कामाचा आहे. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

मिठागर जवळ नसेल तर न धुतलेलं, न शुद्ध केलेलं खडे मीठ चालतं. मिठाचा खडा तयार होताना त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि त्या थेंबांत काही पेशी जिवंत राहतात. असं १० ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर निर्जंतुक, १५ टक्के खाऱ्या पाण्यात विरघळवून नमुना म्हणून वापरा.

बाटल्या बर्फात ठेवायची गरज नाही. सावलीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणा.

पायरी २ : आधी डोळ्यांनी पाहा

बशीत पसरण्याआधी नमुन्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ही पायरी गाळू नका. पाण्यात जे बहुसंख्येनं असतं तेच बशीत उगवतं असं नाही.

याचं ठळक उदाहरण चौकोनी आर्कियाचं. अँथनी वॉल्सबी यांनी १९८० मध्ये सिनाई द्वीपकल्पातल्या खाऱ्या डबक्यातले टपाल तिकिटासारखे पातळ, चौकोनी जीव जगापुढे आणले. जगभरच्या मिठागरांत ते विपुल दिसत होते, तरी प्रयोगशाळेत वाढवायला २००४ साल उजाडलं. ते शुद्ध रूपात वाढल्यावर २००७ मध्ये त्यांना हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबाय हे नाव मिळालं. त्यांना फार कमी अन्नाचं माध्यम आणि कित्येक आठवड्यांचा धीर लागतो.

थेंबात काय शोधायचं:

- काटकोनात कापल्यासारखे पातळ चौकोन, त्यांत चमकणारे ठिपके. हे ठिपके म्हणजे पेशीला तरंगत ठेवणाऱ्या वायूच्या पिशव्या.
- काड्या, तबकड्या, त्रिकोण, गोल पेशींची जोडपी आणि चौकड्या.
- दोन शेपट्यांनी पोहणारी, पेशीभित्तिका नसलेली, हिरवी ते केशरी मोठी पेशी. ही ड्युनालिएला सलिना, एक शैवाल. मिठागरातल्या अन्नसाखळीचा पाया बहुधा हीच घालते.
- मधल्या वाफ्याच्या तळावरच्या चिवट थरात निळ्या-हिरव्या सायनोबॅक्टेरियाचे तंतू.

दिसेल त्याचं चित्र काढा. पुढे बशीत काय आलं आणि काय आलं नाही, हे या चित्रावरूनच ठरेल.

पायरी ३ : मूळ खारं पाणी बनवा

एक लिटरसाठी: सोडियम क्लोराइड २४० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड ३० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ७ ग्रॅम. हे ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत विरघळवा. ट्रिसचं द्रावण २० मिलिलिटर घाला. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ५ मिलिलिटर अगदी सावकाश, थेंबाथेंबानं घाला. सामू ७.५ ला आणून एक लिटर करा. हे आपलं ३० टक्के क्षारांचं मूळ पाणी. त्यातले चार पंचमांश क्षार म्हणजे साधं मीठ.

नुसतं साधं मीठ का वापरू नये? लाल वाफ्यातले अनेक आर्किया मॅग्नेशियमशिवाय नीट वाढत नाहीत आणि त्यांचा आकारही बिघडतो.

पायरी ४ : माध्यमांची उतरंड मांडा

हिशेब सोपा आहे. प्रत्येक ३ टक्के क्षारांसाठी दर लिटर माध्यमात १०० मिलिलिटर मूळ पाणी घ्यायचं. म्हणजे ६ टक्क्यांना २००, १२ टक्क्यांना ४००, १८ टक्क्यांना ६००, २४ टक्क्यांना ८०० मिलिलिटर, आणि बाकी ऊर्ध्वपातित पाणी. प्रत्येकात दर लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट अर्क घाला. सामू पुन्हा ७.५ ला आणा. घट्ट माध्यमासाठी १५ ग्रॅम अगार घालून आधी उकळी आणा. खाऱ्या पाण्यात तो सहजी विरघळत नाही. मग १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा.

पेप्टोन निवडताना जपा. काही पेप्टोनांत पित्तक्षारांचा अंश असतो आणि तेवढ्यानंही लाल आर्कियांच्या पेशी फुटतात. सगळं काटेकोर करूनही बश्या कोऱ्या राहिल्या, तर आधी पेप्टोन बदलून बघा.

बश्या जाड ओता, प्रत्येकी २५ ते ३० मिलिलिटर. आठवडेच्या आठवडे उबेत राहायचं असल्यानं पातळ थर वाळून त्यावर मिठाचे स्फटिक येतात.

लोणारच्या पाण्याला हे माध्यम जसंच्या तसं चालत नाही. तिथला सामू १० च्या आसपास असतो. त्यासाठी सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळावं लागतं, आणि मॅग्नेशियम अगदी किंचित ठेवावं लागतं, नाहीतर ते साक्याच्या रूपात खाली बसतं. तिथले मूळ रहिवासी मीठ आणि अल्क दोन्हींवर पोसलेले असतात.

पायरी ५ : पातळ करा, पसरा, उबवा

बहुतेक फजिती इथेच होते. सवयीनं हात नेहमीच्या ०.८५ टक्के सलाइनकडे जातो, आणि त्या पाण्यात तीव्र लवणप्रेमी पेशी काही क्षणांत फुटतात. बश्या कोऱ्या राहतात आणि विद्यार्थ्यांना वाटतं, वाफ्यात काही नव्हतंच. म्हणून नमुना ज्या ताकदीचा, साधारण त्याच ताकदीच्या निर्जंतुक खाऱ्या पाण्यातच तो दहादहा पटींनी पातळ करत जा.

शंभरपट ते लाखपट पातळ केलेले ०.१ मिलिलिटर नमुने बश्यांवर पसरा. प्रत्येक नमुना किमान तीन ताकदींवर पसरा: ६, १२ आणि २४ टक्के. पहिल्या तलावाचं पाणी २४ टक्क्यांवरही पसरा आणि लाल वाफ्याचं ६ टक्क्यांवरही. खरी माहिती या अदलाबदलीतून मिळते.

बश्या उलट्या करून, ओल्या कापसासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ३७ अंशांवर ठेवा. ६ टक्क्यांच्या बशीवर दोन-तीन दिवसांत वसाहती येतात. २४ टक्क्यांच्या बशीवर पहिला आठवडा काही दिसलं नाही तरी टाकू नका. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दोन ते सहा आठवड्यांत उमटतात.

प्रत्येक वेगळ्या वसाहतीचा रंग, कड, चकाकी आणि चिकटपणा लिहा. त्याच ताकदीच्या नव्या बशीवर तीन वेळा रेघा ओढून ती शुद्ध करून घ्या.

पायरी ६ : पहिला प्रश्न, मीठ किती लागतं?

प्रत्येक शुद्ध वाणासाठी ०, ३, ६, ९, १२, १५, १८, २१ आणि २४ टक्क्यांच्या द्रव माध्यमाच्या नळ्या लावा. पेरणी अगदी थोडी करा, नाहीतर सोबत आलेलं मीठ शून्याच्या नळीला खोटं ठरवतं. सातव्या आणि चौदाव्या दिवशी गढूळपणा मोजा.

कोणत्या ताकदीला वाढ सर्वांत चांगली, त्यावरून वर्ग ठरवा. कॅनडाचे डॉन कुशनर यांनी १९७८ मध्ये मांडलेली विभागणी आजही वापरतात:

- अल्प लवणप्रेमी: ०.२ ते ०.५ मोलर मीठ, म्हणजे साधारण १ ते ३ टक्के. समुद्रातले बरेच जीवाणू यात येतात.
- मध्यम लवणप्रेमी: ०.५ ते २.५ मोलर, ३ ते १५ टक्के. हॅलोमोनास, सॅलिनिव्हिब्रिओ यांसारखे जीवाणू.
- तीव्र लवणप्रेमी: २.५ ते ५.२ मोलर, १५ ते ३० टक्के. लाल आर्किया.
- लवणसहिष्णू: मीठ लागत नाही, पण चालतं. आपल्या त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस हे ओळखीचं उदाहरण.

आपल्या नळ्यांवरचे टक्के एकूण क्षारांचे आहेत. मोलरशी ताडताना त्यांतलं साधं मीठ चार पंचमांश धरा.

शून्याच्या नळीत वाढला तो लवणप्रेमी नव्हे, २४ टक्क्यांत कितीही जोमानं वाढो. सोसणं आणि गरज असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लाल आर्किया खाल्ल्या मिठाला जागतात, कारण मीठ काढून घेतलं की त्यांचं अस्तित्वच मोडतं.

पायरी ७ : दुसरा प्रश्न, ठेवण कशी आहे?

*पाण्याची कसोटी.* काचपट्टीवर शेजारी शेजारी दोन थेंब घ्या, एक २० टक्के खाऱ्या पाण्याचा, दुसरा ऊर्ध्वपातित पाण्याचा. दोन्हींत एकाच वसाहतीचा अंश कालवा. साध्या पाण्यात पेशी फुटल्या तर थेंब क्षणात स्वच्छ आणि तारेसारखा चिकट होतो. ती तार म्हणजे बाहेर पडलेला डीएनए. लाल काड्या फुटतात. हॅलोकॉकसच्या गोल पेशी जाड भित्तिकेमुळे तशाच राहतात, आणि मध्यम लवणप्रेमी जीवाणूही बहुधा टिकतात.

फुटण्यामागे जगण्याच्या दोन रीती आहेत. लाल आर्किया बाहेरच्या मिठाला तोंड द्यायला आत पोटॅशियम भरतात, आणि त्यांची प्रथिनं त्या खाऱ्या आतल्या वातावरणाशी इतकी जुळलेली असतात, की मीठ गेलं की ती उलगडतात. हॅलोमोनाससारखे जीवाणू मीठ बाहेर ठेवतात आणि आत एक्टॉइन, बिटेन असे निरुपद्रवी रेणू साठवतात. ड्युनालिएला त्यासाठी ग्लिसरॉल बनवते.

*ग्रॅम रंजन.* नेहमीच्या रीतीत पाण्यानं धुताना पेशी नाहीशा होतात आणि मिठाचे स्फटिक रंगतात. डसॉल्ट यांनी १९५५ मध्ये दिलेली रीत वापरा: वाळलेला लेप २ टक्के ॲसेटिक आम्लात पाच मिनिटं बुडवा, न धुता वाळवा, मग रंजन करा. आम्ल पेशी पक्क्या करतं आणि मीठही काढून टाकतं.

*अँपिसिलिन.* माध्यमात दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम घालून वाढ बघा. हे औषध पेप्टिडोग्लायकनची भिंत उभी राहू देत नाही. आर्कियांना ती भिंतच नसते, म्हणून ते बिनघोर वाढतात.

ही कसोटी सोडू नये, कारण रंग फसवतो. स्पेनच्या मिठागरांतून वेगळा केलेला, २००२ मध्ये नाव मिळालेला सॅलिनिबॅक्टर रुबर लाल आहे, त्याला १५ टक्क्यांहून अधिक मीठ लागतं, आणि तो आर्कियांसारखं पोटॅशियमही आत भरतो. तरी तो जीवाणू आहे, आणि अँपिसिलिननं मरतो. पत्ता तोच, राहणीही तीच, कूळ मात्र निराळं.

पायरी ८ : तिसरा प्रश्न, कूळ कोणतं?

आता जनुकाकडे वळा. पाण्यात फुटणाऱ्या आर्कियांचा डीएनए काढणं सोपं आहे: पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकल्या की फुटतात, थोडं उकळलं की काम होतं. १६-एस रायबोसोमी जनुकाच्या प्रती बनवा. पायरी ७ च्या निकालानुसार आर्कियांचे किंवा जीवाणूंचे प्रायमर निवडा. बहुतेक लाल आर्कियांच्या डीएनएत ग्वानिन-सायटोसिनचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे प्रती निघत नसतील तर मिश्रणात ३ ते ५ टक्के डीएमएसओ घालून बघा.

क्रमवारी आल्यावर ती नोंदलेल्या प्रमाण वाणांशी ताडा. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता आहे, आणि ९४.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कदाचित पूर्ण वंशच नवा. हे आकडे दिशा दाखवतात, शेवटचा निवाडा देत नाहीत. हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुई या मृत समुद्रातल्या आर्कियाच्या एकाच पेशीत या जनुकाच्या अशा प्रती आहेत, की त्या एकमेकींपासून सुमारे ५ टक्क्यांनी वेगळ्या पडतात. एका जीवाची दोन नावं होऊ नयेत म्हणून आरपीओबी हे दुसरं जनुकही वाचा. शक्य असेल तर पूर्ण जनुकसंच वाचून सरासरी साम्य काढा. ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली गेलं तर प्रजाती वेगळी.

नावं लिहिताना एक जुनं ओझं भेटतं. हॅलोबॅक्टेरियम हे नाव ठेवलं तेव्हा आर्किया हे वेगळं कूळ असल्याची कल्पना नव्हती. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ते दाखवलं. नाव तसंच राहिलं, आणि ‘हॅलोबॅक्टेरिया’ या वर्गात आज एकही बॅक्टेरिया नाही. आपल्या अहवालात ‘हॅलोआर्किया’ लिहा, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही.

पायरी ९ : तक्ता मांडा

प्रत्येक वाणाला एक ओळ आणि सात रकाने: वाफा, नमुन्याची क्षारता, वाढीला उत्तम क्षारता, आकार, पाण्याची कसोटी, अँपिसिलिन, जनुकीय कूळ. साधारण अशा जोड्या जुळतात:

- लाल काड्या, पाण्यात फुटतात, अँपिसिलिनला जुमानत नाहीत: हॅलोबॅक्टेरियम, हॅलोरुब्रम.
- चपटे, त्रिकोणी किंवा वेडेवाकडे: हॅलोआर्क्युला. वाटी-तबकडीसारखे, तुलनेनं कमी मिठातही वाढणारे: हॅलोफेरॅक्स.
- गोल, चौकड्यांत, पाण्यात न फुटणारे: हॅलोकॉकस.
- मळकट पांढऱ्या किंवा पिवळसर वसाहती, ६ ते १२ टक्क्यांवर जोमदार: हॅलोमोनास आणि बीजाणू धरणारे हॅलोबॅसिलससारखे जीवाणू.
- काळ्या, यीस्टसारख्या वसाहती: होर्टिआ वेर्नेकी ही बुरशी असू शकते. ती स्लोव्हेनियातल्या सेचोव्ल्ये मिठागरांतही मिळाली आहे.

मग तक्ता पायरी २ मधल्या चित्रांशेजारी ठेवा. थेंबात दिसलेले चौकोन बशीत नसतील, तर तसं स्पष्ट लिहा. तुमचा तक्ता वाढवता आलेल्यांचा आहे, वाफ्यातल्या सगळ्यांचा नाही.

पायरी १० : जपून ठेवा आणि परत सांगा

शुद्ध वाण २५ टक्के खाऱ्या माध्यमात, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि दर दोन महिन्यांनी नव्या माध्यमात हलवा. वेगळा वाटणारा वाण पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करता येतो का, याची चौकशी करा. बाटलीवर वाणाच्या क्रमांकासोबत गावाचं, मिठागराचं आणि वाफ्याचं नाव लिहा.

ही नोंद महत्त्वाची आहे. मुंबईच्या परिसरात आणि गोव्यातही मीठ पिकवणारी आगरं कमी होत चालली आहेत. आगर बुजलं की ३ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंतची ती उतरंड संपते, आणि तिच्यातल्या प्रत्येक पायरीवर राहणारे जीवही. ही उतरंड निसर्गाच्या बरोबरीनं माणसांनी राखलेली आहे: भरतीचं पाणी वेळेवर आत घेऊन, बांध चोपून, वाफे एकामागून एक भरून.

म्हणून शेवटचं काम मिठागरावरच करायचं. सूक्ष्मदर्शक सोबत न्या, लाल वाफ्यातला थेंब काचपट्टीवर ठेवा आणि ज्यांनी पहिल्या दिवशी तुम्हाला पाण्याचा रंग समजावला, त्यांना त्यातून पाहू द्या.